अडिवेप्पाची वीत

तिसरी पाळी सुटली की उद्यमबागेच्या फाटकातून
सायकल बाहेर काढतो. अंगात अजून भट्टी असते,
पिरनवाडीच्या वळणापर्यंत पुरते.
पुढं ऊस लागतो, धुकं लागतं,
नि मच्छ्याच्या मागल्या तळ्याशी पोचेस्तोवर
मिशीवर दव जमलेलं असतं.

गावाचं नावच मच्छे, म्हणून हसायचे कारखान्यातले.
आता हसत नाहीत.
अकरा हिवाळे माणूस रिकामा परतताना बघितला
की लोक विषय बदलतात.

पौषात पाणी जड होतं.
सिपरन तळाला, चिखलात पोट टेकून,
भूक कुठं ठेवली ते विसरल्यासारखे.
शाळूच्या पिठाची गोळी, मुगाएवढी,
तीत जवसाच्या तेलाचा थेंब,
गळ बारका, तंगूस त्याहून बारकं,
आणि शाळूच्याच ताटातलं भेंड
पाण्यावर उभं.

उन्हाळ्यात मासा भेंड ओढून नेतो, हक्कानं.
थंडीत तो नुसता विचारतो.
भेंड बुडत नाही, सरकत नाही,
त्याच्याभोवतीची गोल रेघ तेवढी
एकदा जाड होते.
तेवढ्यावर हात उचलायचा.

माझ्या उजव्या हाताला ते कळत नाही.
सत्त्याण्णवला रस उडाला मनगटापासून बोटांपर्यंत.
कातडी परत आली, जाण आली नाही.
म्हणून तंगूस डाव्या करंगळीवरून घेतो,
आणि ती गारठू नये म्हणून
मधून मधून तोंडात धरतो.
जवसाची चव. थोडी लोखंडाची.

"थंडी भाळ ऐती," म्हणायचा अडिवेप्पा,
ठेकेदाराचा राखणदार, सहा फुटांवर चार बोटं,
कांबळ्यात उभा, बाभळीशेजारी दुसरी बाभळ.
"बस की तासभर. वितीपेक्षा लहान तो तळ्याचा,
मोठा तो तुझा."
वीत त्याची.
पंजा पसरायचा माझ्या माशावर
नि मासा त्याखाली नाहीसा व्हायचा.
"सण्ण ऐती. बिडु."
बिडु. सोड.
अकरा हिवाळ्यांत त्याच्या भाषेतला हा एकच शब्द
मी पुरता शिकलो.

आज त्या कांबळ्यात गंगव्वा आहे.
तो महिनाभर मोठ्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावर,
श्वास नळीतून.
पाय, तिनं हातानं दाखवलं, खाटेच्या बाहेर येतात.
तिनं काटक्या पेटवल्या. धूर पाण्यावर आडवा झाला.
पुढं बोलणं नाही.
तिची मराठी माझ्या कन्नडएवढीच.

आठाच्या सुमाराला करंगळीनं सांगितलं,
रेघ जाड व्हायच्या आधी.
हात उचलला. वजन आलं,
झोपेतून उचललेल्या पोरासारखं, न भांडता.
पितळी खवले, तोंडाशी मिशा,
ओठाच्या कोपऱ्यात पिठाचा कण.

नियम तिलाही ठाऊक होता.
पदराला हात पुसून तिनं वीत टाकली,
भांगलणीनं झिजलेली, आखूड.
मासा दोन बोटं बाहेर उरला.
तिनं परत मापला. परत दोन बोटं.
"ओय्रि," म्हणाली, हसून. "निम्दु."

न्यायला काही नव्हतं.
पिशवी आणायची सोडून किती वर्षं झाली.
डबा उघडला, भाकरी तिला दिली,
पाणी भरून त्याला आत बसवला.
शेपूट दुमडून बसला तो, डब्याच्या आकाराचा,
आणि काय झालं कुणास ठाऊक,
मला तो मोठा दिसेना.

"त्याच्या वितीत लहानच आहे," म्हटलं.
तिला कळलं नाही बहुतेक.
मग म्हटलं, बिडु.
ती भाकरी चावायची थांबली,
तळ्याकडे बघत राहिली, नि परत चावू लागली.

डबा पाण्यात तिरका केला.
तो लगेच गेला नाही.
काठच्या वीतभर पाण्यात, माझ्या उजव्या हाताला लागून
कल्ले हलवत उभा राहिला.
लागून होता, हे डोळ्यांनी कळलं.
म्हणून डावी करंगळी बुडवली.
तोवर तिथं जरासं गढूळ होतं,
बाकी पाणी.