टोक

कोश उकळत्या पाण्यात पडले की
भाताच्या काड्यांचा कुंचा फिरवायचा, हलक्या हातानं.
वरचा गुंता निघून येतो. मग एकच टोक,
केसाहून बारीक, बोटाला चिकटतं.
ते सापडलं की पुढचं दीड हजार हात सूत
आपलं आपण येतं.

तेराव्या वर्षी शिकले मी हे, ओकायाच्या गिरणीत.
टोक शोधण्यात माझा हात धरील
अशी अख्ख्या रांगेत एक तोवाच होती.

म्हणून गिरणीची चाकं थांबली तेव्हा वाटलं,
याचंही टोक असेल कुठेतरी.

हिशेबनीस मियासाकांनी फळ्यावर समजावलं.
त्यांचाही पगार थकलेला, पण हातात खडू होता.
म्हणाले, समुद्रापलीकडे एक बाजार आहे.
तिथे लोक उसन्या पैशानं कागद घेत होते,
भाव चढतो म्हणून कागद,
कागद घेतात म्हणून चढता भाव.
एका गुरुवारी कुणाला तरी तो विकावासा वाटला,
मग सगळ्यांनाच.
सुतावरून स्वर्ग गाठला होता त्यांनी.

"आणि सूत?" तोवानं विचारलं.
"सूत आपलं," मियासाका म्हणाले. हसले नाहीत.

मग फळ्यावर आणखी रेघा:
तिकडे बँका बुडाल्या, तिकडे नोकऱ्या गेल्या,
इकडे सरकारनं येन सोन्याला बांधला, जुन्याच भावानं,
नदी चढत असताना
घोडा खुंट्याला बांधून कुणी झोपी जावं तसा.
रेघांतून रेघा फुटल्या. खडू संपला.
मी टोक बघत होते. दिसला तो वरचाच गुंता.

एवढं मात्र कळलं त्या दिवशी,
की आपलं सूत तिकडच्या बायकांच्या पायांत जातं.
मोजे! मला वाटायचं, राण्यांचे शेले होत असतील.

मग रात्री ती मला दिसायची,
कुठल्याशा गावातली, टाइपरायटर सुटलेली बाई.
उसवत्या मोज्यावर साबणाची वडी चोळते,
म्हणते, चालेल अजून महिनाभर.
तिची काय चूक? मीही तेच केलं असतं.
तिनं जपून टाकलेल्या एकेका पावलाखाली
आमच्या धुराड्यांचा एकेक धूर विझला.

पगाराऐवजी प्रत्येकीला चार लडी मिळाल्या.
घाट पायीच चढलो. पाण्यानं पांढरी पडलेली बोटं
थंडीत आधी लाल झाली, मग आपल्या रंगाची.
अळ्यांचा वास मात्र गेला नाही.

घरी बापानं तुती उपटली होती.
मुळं चुलीशी रचलेली, माणसाच्या हातांसारखी.
भात त्या वर्षी उदंड पिकलं,
इतकं, की त्याला कुणी विचारीना.
धाकटा योशिहेई डब्याच्या सुट्टीत
शाळेच्या मागे जाऊन पाणी पिऊन यायचा,
आणि हात पुसत परतायचा, जेवल्यासारखा.

तोवाकडे चामडी बूट घातलेला एक माणूस आला.
गिरणीची उचल फिटायची होती. नागोयाला काम आहे म्हणाला,
हॉटेलात, बशा धुवायचं.
तिचं एकच पत्र आलं. अक्षर तेच, ठसठशीत.
"कियोनो, इथे रेशीम नेसायला मिळतं."
एवढंच. खाली पत्ता नाही.

माझ्या लडी कुणी घेईना.
दोन गावं फिरले. एका दुकानदारानं चहा दिला,
लड उजेडात धरली, म्हणाला, निर्दोष आहे,
आणि परत दिली.

शेवटी आईनं ते सूत मुळे वाळवायला घेतलं.
अमेरिकेच्या मापाचं, एकसारखं, एकही गाठ नसलेलं,
तीन वेळा तपासलेलं सूत.
छपराखाली पांढरे मुळे वाऱ्यावर हलत राहिले.

"तुटत कसं नाही गं हे," आई म्हणाली.
गाठ मारताना तिनं टोक दातांत धरलं होतं.