दंडघात

बेगमपुऱ्यातल्या खोलीत दोघींत एक पंखा
आणि भिंतभर चिकटवलेले परीक्षेचे शब्द.
डाव्या भिंतीवर माझे, उजवीवर तिचे.
वराफॉन सुरिनची. पाली शिकायला आली होती इथं,
एम.ए. झालं, आता पुढचं अमेरिकेत करायचंय.
मी सेलूची. मलाही.

पहाटे ती म्हणते, अफेमेरन.
मी म्हणते, ल. शेवटी ल आहे गं. इफेमरल.
ती आरशात जीभ बघते, बोटानं वर ढकलते.
आमच्याकडं शब्दाच्या टोकापर्यंत ल पोचतच नाही, म्हणते,
वाटेतच त्याचा न होतो.
मी हसले नाही.
आमच्या सेलूत ण चा होतो.

पुण्यात मुलाखतीच्या दारात विचारलं होतं मी,
मॅडम, आत कोन आहेत?
कोन? त्या म्हणाल्या, किती अंशांचा?
सगळी रांग हसली.
तेव्हापासून ण दिसला की मी वळसा घालते.
हॉटेलात पाणी मागत नाही,
'जरा प्यायला द्या' म्हणते.

पार्सिमोनियस.
कार्डामागं तिनं थाईत लिहिलं, खी-निआव.
म्हणजे चिकट. पुढचा 'खी' काही ती सांगेना, लाजली.
अगं, आमच्यातही कंजूस माणूस चिकटच!
तो शब्द पाठ करावा लागला नाही,
घरमालकाच्या तोंडासकट राहिला डोक्यात.

ऑब्ड्युरेट अडला.
मी टोपलीतली भेंडी घेतली, मोडायला गेले, मोडेना.
निबर, म्हटलं.
तिनं कार्डावर भेंडी काढली, शेपटीसकट.

मॅग्नॅनिमसला ती म्हणाली, नाम-चाय.
चहा नव्हे. नाम म्हणजे पाणी, चाय म्हणजे काळीज.
काळजात पाणी असतं, तो मोठ्या मनाचा.
आमच्यात काळजाचं पाणी होतं
ते रात्री दोनला गावाकडून फोन आला की.
तिला पटेना.
काळजात पाणी असून कुणी भितं का?
या गल्लीत आठव्या दिवशी नळ येतो.
मधले सात दिवस मी उत्तर शोधलं.

मग एका दुपारी तिनं स्वतःचं नाव लिहिलं, तिच्या लिपीत,
एकेका अक्षराखाली मी आपलं अक्षर मांडत गेले.
व. रा. भ. र. ण.
वराभरण! मी ओरडलेच. अगं, हा तर दागिना!
मग हे फॉन कुठून आलं?
र चा न होतो, ती म्हणाली. आणि ण च्या डोक्यावर बघ,
एक बारकं वेटोळं आहे.
ते असलं की अक्षर लिहायचं, बोलायचं नाही.
त्या खुणेला म्हणतात काय?
थन-थ-खात.
तेही उलगडलं कागदावर, हळूहळू :
दंडघात.

काठी घालून गप्प बसवलेला ण.
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग मी पुण्याचं सगळं सांगितलं,
रांगेसकट, अंशांसकट.
ती हसली नाही. भिंतीवरचा पॉइन्यंट काढला,
त्यातल्या जीवर पेन्सिलीनं वेटोळं घातलं,
म्हणाली, हाही गप्पच बसलाय बघ,
इंग्रजीवाले नुसती खूण करत नाहीत.

परीक्षेच्या आदल्या रात्री तीनला नळ आला.
मी झोपेत. ती जिन्यात, बादल्या आपटत,
जीभ टाळूला पार उलटी लावून,
पालीच्या सरांनी वर्षभर घोटून घेतलेला
अख्खा ण गल्लीला ऐकवत होती :
पाणी! पाणी आलं!

मी उठले, दोन हंडे उचलले.
आलं का पानी, म्हटलं, बरं झालं.
आधी पिंप भर.
एस पासूनचे शब्द राहिलेत,
राहू दे.