झालं

पाटोवरच्या तिसऱ्या मजल्यावर
आमच्या भिंतीला चार रकाने होते,
शेवटचा सर्वांत लाडका : झालं.
दमट हवेत पिवळ्या चिठ्ठ्या सुटायच्या,
सकाळी झाडूवाली तुळसाबाई
फरशीवरून त्या गोळा करून
मनाला येईल त्या रकान्यात लावायची.
आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

नोएला फुर्तादो म्हणाली, झालं.
तिचं बटण सोलकढीच्या रंगाचं,
कडा गुळगुळीत, खाली बारीकशी सावली.
ईशान भोबे म्हणाला, झालं.
त्याच्या मशीनला डोळा लवायच्या आत निरोप पोचत होता,
आणि नाही पोचला तर
ते नेटवर्कचं, त्याचं नव्हे.
वेरेंकर सर म्हणाले, झालं,
कारण फेरीवाल्या खात्याला त्यांनी तारीख दिली होती.
मी चाचणीवाली. मी बटण दोनशे वेळा दाबलं,
एसीत, कोरड्या बोटानं, खुर्चीत बसून,
आणि लिहिलं : झालं.
एकाच शब्दात चौघं राहत होतो
आणि जिन्यात भेटलो तर नुसतं हसायचो.

तिकडे रायबंदरच्या धक्क्यावर माणसं
फोनकडे बघत, मग नदीकडे बघत,
मग आम्हाला शिव्या देत.
फोन म्हणे बोट चोडणला,
बोट समोर, तोंड वासून, स्कूटर गिळत.

तीन आठवडे आम्ही मेल लिहिले एकमेकांना,
दोन टेबलांच्या अंतरावरून.
‘आपल्या निदर्शनास आणू इच्छिते की’
असं नोएलानं लिहिलं, मला,
जिच्या डब्यातली किसमूर मी रोज खात होते.

शेवटी एका बुधवारी वेरेंकर सरांची गाडी बंद पडली
आणि चोडणला बहिणीकडे
उकड्या तांदळाचं पोतं पोचवायचं होतं,
म्हणून चौघं, दोन स्कूटरवर, मध्ये पोतं.
नियोजन म्हणावं असं काही नव्हतं.

फेरीवर शाणू गांवकर.
एका हातात दोर, दुसरा साखळीवर,
खांद्यानं एका म्हातारीचं टोपलं सावरलेलं,
खिशात आमचा फोन, प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवीला दोन गाठी.
बोट सुटली. त्यानं काही दाबलं नाही.
नदीच्या मध्यावर काही दाबलं नाही.
पलीकडे साखळी खडखडत उतरली, स्कूटर गेल्या,
मग हात पँटला पुसून, गाठी सोडून,
त्यानं अगदी श्रद्धेनं दाबलं : निघाली.

आम्ही चौघंही बरोबर होतो
आणि बोट उलट्या काठावर होती.

नोएला पहिली बोलली, तीही ईशानशी.
इतक्या महिन्यांत तिनं त्याला पहिल्यांदाच
काही सांगितलं नाही, विचारलं :
“तुझं मशीन उशिरा आलेलं खरं मानेल का?”
“मानेल. पण उशीर किती, ते कोण सांगणार?”
मी म्हणाले, “ओल्या बोटानं मी दाबून पाहिलंच नाही.”
एवढं बोलायला मला
उताराच्या टोकापर्यंत चालावं लागलं.
पोतं उचलून देता देता शाणूनं
आमच्याकडे पाहिलं, पोरांच्या भांडणाकडे बघतात तसं :
“फळयेक विचारात मरे.
ती वयर सरली काय बोट सुटली.
म्हाका कित्याक विचारतात?”

आता फळीला एक छोटं यंत्र आहे. बटण नाही.
नोएलानं ते स्वतः पुसलं, मग दिवसभर बोलली नाही.
भांडणं होतात. पण टेबलं चिकटवलीत,
त्यामुळे ती तोंडी होतात
आणि चहा यायच्या आत संपतात, बहुतेक.

अहवालात एक चौकट होती : कल्पना कुणाची.
वेरेंकर सरांनी लिहिलं, शाणू गांवकर, खलाशी.
पडद्यावर लाल अक्षरं आली :
या नावाची व्यक्ती संघात नाही.
मी तो दोष नोंदवला, चिठ्ठी भिंतीला लावली.
ईशान म्हणतो, बघतो.
तुळसाबाई ती रोज उचलून
‘झालं’मध्ये लावते,
मी रोज काढते.