काळा चौकोन

आइलाचे कान कागदाच्या गिरणीनं खाल्ले,
एकतीस वर्षं, थोडे थोडे, पाळीपाळीनं.
आता दार वाजतं आणि तिला पत्ता नसतो.
पोस्टमन बर्फात पार्सल ठेवून जातो,
ते तिला एप्रिलमध्ये सापडतं.

"मला आवाज नको," ती म्हणाली, जरा मोठ्यानंच,
"मला उजेड हवा."

मी तीन खोकी टेबलावर मांडली.
पहिलं बॅटरीवरचं. ते मीच बाजूला सारलं.
हाउकिपुदासच्या उणे अठ्ठावीसात
बॅटरी माणसाआधी मान टाकते.
दुसरं देखणं, पण आलेला प्रत्येक चेहरा
कुठल्याशा परदेशी गोदामात नेऊन ठेवणारं,
वर दरमहा भाडं.
"माझ्या दारात कोण आलं ते बघायला
मी दुसऱ्याला पैसे मोजू?"
शिळा मासा सरकवावा तसं तिनं ते खोकं
दोन बोटांनी सरकवलं.
तिसरं ओबडधोबड, वायरीवर चालणारं,
पाहिलेलं सगळं घरातच
नखाएवढ्या कार्डावर ठेवणारं.
"हे घे," ती म्हणाली. "याच्या पोटात राहतं."

निवडणं सोपं. जुळवणं म्हणजे सोयरीक.
बेल एका घराण्यातली, दिवे दुसऱ्या,
मध्ये साबणाच्या वडीएवढा हब,
दोघांचीही भाषा मोडकीतोडकी बोलणारा.
भिंतीतला ट्रान्सफॉर्मर त्र्याहत्तर सालचा, आठ व्होल्टचा,
आणि नव्या पाहुणीची भूक सोळाची.
तो बदलला.
वायफाय दारापर्यंत येता येता धापा टाकत होतं,
कारण राउटर फ्रीजच्या मागे.
साडेतीन तास. चार कप कॉफी.
शेवटी बाहेर जाऊन मी बटण दाबलं
आणि आत स्वयंपाकघर निळं झालं,
मग जिना,
मग पलंगाजवळचा छोटा दिवा.
खिडकीतून दिसलं: ती कपाट धरून उभी,
तोंडावर हात.
मी पुन्हा दाबलं. गरज नव्हती.

राहिलं भिंग.
त्याच्या रुंद नजरेत शेजारच्या तोइमीचं दार
पुरतं येत होतं,
आणि दुसऱ्याच्या उंबरठ्यावर डोळा ठेवायचा नसतो.
पडद्यावर बोटानं चौकोन आखायचा, तेवढं काळं होतं.
"मोठा आख," आइला म्हणाली. "त्याचं कुंपणही जाऊ दे."
अकरा वर्षांचा अबोला. कारण एक बर्चचं झाड,
जे आता दोघांकडेही नाही.

डिसेंबरभर तिचे निरोप येत राहिले.
ससा आला. ससा पुन्हा आला.
मी लिहिलं, फक्त माणसं ओळखेल असं करून देते.
तिनं लिहिलं, कर. पण ससा राहू दे.

जानेवारीत तिनं बोलावून घेतलं:
रात्री तीनला दिवे निळे होतात,
दारात कुणीच नसतं. बिघाड आहे.
आम्ही कार्ड उघडून बसलो.
तीन वाजून बारा मिनिटं. काळा चौकोन.
त्याच्या कडेतून आधी टोपीचा गोंडा बाहेर आला,
मग अर्धा खांदा, मग फावडं,
मग पायजम्यावर बूट चढवलेला अख्खा तोइमी.
त्यानं तिच्या पायऱ्या साफ केल्या, फाटकापर्यंत.
बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही.
मग पाठमोरा चौकोनात विरघळला.
काल तसंच. परवा तसंच.

आइला बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "मला वाटायचं
पायऱ्या नगरपालिका साफ करते."

मी विचारलं, चौकोन पुसू?
"छे. तो त्याचा आहे."
मग खुर्ची पुढे ओढून:
"तीन ते चारच्या मध्ये, त्या बाजूनं कुणी आलं,
तर पायरीवरचा दिवा लागेल असं होईल?
मंद. दचकता कामा नये."

होईल, मी म्हटलं. साधा नियम आहे.
वेळ घातली, बाजू घातली, उजेड वीस टक्के.
खाली पडद्यानं विचारलं: नियमाला नाव द्या.
तिनं माझ्या हातून फोन घेतला,
चष्मा कपाळावरून खाली आणला,
आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं:
नगरपालिका.