लिलीच्या ऐवजी

लिली मिळाली नाही. म्हणजे बाजारात होती,
पण तेवढ्या पैशांत आठवड्याचा कोळसा आला असता.
म्हणून ॲम्ब्रोजने माझ्या हाती
पातीचा कांदा दिला.

"मान वाकव, डॉर्कस. अजून.
जगातलं सगळं सौंदर्य तुला असह्य झालंय, असं बघ."
मी चुलीवरच्या दुधाकडे बघत राहिले.

टाक कुरकुरत होता. बाहेर लंडनभर धुकं,
ते त्याने काढलं नाही.
मोरपीस काढलं, निळी बशी काढली
जी आमच्या घरी कधीच नव्हती.
माझं नाक वीतभर वाढवलं.
शाईचा एक थेंब ओघळला, त्याचं मांजर केलं.

मंगळवारी अंक निघाला.
खाटकाच्या दुकानात बायका खिदळल्या,
"काय ही सोंगं! या बयांना काम ना धंदा!"
मीही हसले, पिशवी सावरत.

पण मानेची ती रेघ,
कानामागून निघून खांद्यापर्यंत
एका दमात, टाक न उचलता आलेली,
तिच्यात थट्टा नव्हती.
लग्नाला अकरा वर्षं झाली.
एवढं तो कधी बोलला नव्हता.

कांदा त्याच रात्री रश्शात गेला होता.