पसंतीक्रम

अर्जात तीन रिकाम्या चौकटी.
पहिली पसंती, दुसरी, तिसरी.
उद्या संध्याकाळी पाचपर्यंत, म्हणाल्या शहाडे मॅडम,
आणि पाचचे सव्वापाच झाले तर मला फोन करू नका.

पासपोर्ट आलाय. वागळे इस्टेटला दोन हेलपाटे,
एक फक्त आडनावातल्या अक्षरासाठी.
बेलापूरचा हवालदार घरी येऊन चहा पिऊन गेला.
कशाला जातेस? म्हटलं, सेवा करायला.
तो हसला नाही, पण कप जरा उशिरा खाली ठेवला.

नेपाळ: शाळेच्या भिंती रंगवा, हत्ती बघा.
व्हिएतनाम: कांदळवनाची रोपं लावा,
शनिवार-रविवार बोटीची सफर.
केनिया, किसुमू: सरोवराकाठच्या मासळीवाल्या बायका.
नऊ आठवडे. अर्धा खर्च विद्यापीठाचा,
उरलेल्या अर्ध्यात काकीच्या दोन पाटल्या.

मी दिवाळे गावची.
आमच्या गल्लीतही आले होते असे विद्यार्थी,
मी दहावीत असताना.
त्यांच्या अर्जात आम्ही कितव्या चौकटीत होतो
ते कधी कळलं नाही.
जेट्टीकडच्या भिंतीवर त्यांनी पापलेट काढलं,
दोन्ही डोळे एकाच बाजूला.
असू दे, आम्ही म्हटलं, लेपा समजू.
हात कसे धुवायचे तेही शिकवलं, वीस सेकंद,
नळाला पाणी नव्हतं म्हणून नुसता अभिनय.
आम्हीही धुतले. खूप टाळ्या.

चांगुणाकाकीला विचारलं, त्यातलं कोण आठवतं तुला?
जवळ्यातला कचरा वेचता वेचता ती म्हणाली,
"तो लांबडा नाय का गो, योनास.
सकाली चारला येयाचा. बोलाचा काय नाय.
बरफाची लादी कशी उचलाची ती दाखवली, उचलली.
एकदा पायावर परली, तरी दुसऱ्या दिशी हजर."
आणि भिंत?
"कंची भिंत?"

रात्री तिन्ही कागद परत वाचले.
पहिल्या दोहोंत प्रत्येक वाक्य 'तुम्ही'ने सुरू होतं.
तुम्ही अनुभवाल, तुम्ही घडाल, तुम्ही बदलाल.
तिसऱ्यात, तळाशी, बारीक टाइपात,
तिथल्या बायकांची एकच ओळ:
पहाटे बर्फाची वही लिहायला माणूस हवं.
मागच्या मुलाचा एक आणि सात सारखाच दिसायचा.

बर्फाची वही मी सातवीपासून लिहिते.
उधारी निळ्या पेनाने, फिटली की लाल रेघ.
माझ्या इंग्रजी सातला कमरेशी आडवी दांडी असते.

पण एवढंच कारण आहे असं नाही.
मला विमानात बसायचंय.
मला ओळखत नाही अशा बाजारात
एकदा गिऱ्हाईक होऊन भाव पाडायचाय.
आणि नऊ आठवडे अशा ठिकाणी राहायचंय
जिथे माझ्या दप्तराच्या वासाने
कोणी बाक बदलणार नाही.
याला अर्जात जागा नाही.

जागा आहे ती वेगळ्याच प्रश्नाला:
आपण समाजाला काय द्याल? शंभर शब्दांत.
लिहिलं, खोडलं. 'सक्षमीकरण' लिहिलं, तेही खोडलं.
मग लिहिलं,
पहाटे चारला उठता येतं. सात स्पष्ट लिहिते.
मोजले. शब्दही सातच.

पालकाच्या सहीसाठी काकीपुढे कागद धरला.
तिने लुगड्याला हात पुसले,
तरी एक खवला कोपऱ्यात चिकटलाच.
"दर्या हाय ना तिकरं?"
सरोवर आहे, काकी. गोडं पाणी.
"भरती?"
नाही.
पेन कागदावर टेकवून ती थांबली.
"मंग होऱ्या परत कवा आनाच्या,
ता त्यांना कोन सांगतं?"

मला माहीत नव्हतं.
पहिल्या चौकटीत किसुमू लिहिलं.
काकीचा प्रश्न बर्फाच्या वहीत,
उधारीच्या बाजूला, निळ्या पेनाने.