तिसरा रकाना

नकाण्याच्या तलावात, जानेवारीत,
वाळल्या बाभळी अजून पाण्यातच उभ्या.
त्यांवर काळे पक्षी. मी वहीत लिहिलं :
पाणकावळे, सत्तेचाळीस.

धुडकू भोई ट्रकच्या ट्यूबवर बसून
हातांनी पाणी मागे सारत आला.
"कोनता?" त्यानं विचारलं.
काळा, मी म्हणाले.
"काया ते मीबी से, बाई."

दुर्बिणीत मला नुसता कोळसा दिसत होता,
उन्हासमोर धरलेला.

तो म्हणाला, मोठा बसला की फांदी वाकते.
गळ्याखाली पिवळं, हळद पुसायची राहिल्यागत,
आणि जाळं फाडतो ते मूठ जाईल एवढं.
मधल्याची चोच लांब, बारीक, टोकाला आकडी,
डोळा हिरवा-निळा, अंगठीतल्या खड्याचा.
आणि हाऊ ल्हाना :
हा बसल्याचं फांदीला कळतसुद्धा नाही.
कपाळ उभं, डोकं सुपारी,
चोच कुणी घाईत अर्धीच दिलेली;
शेपूट मात्र लांब.
पावसाळ्यात कानशिलावर पांढरे केस येतात,
"तवय त्यानं लगीन ऱ्हास."
आपलं उलट, म्हणत तो स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवतो.

जाळ्याच्या टोकाला एक अडकलेला होता.
धुडकूनं दातांनी दोरा तोडला
आणि पक्षी माझ्या हातात दिला, भाजी द्यावी तसा.
भरताच्या वांग्याएवढं वजन.
चिखलाचा वास, माशाचा वास,
आणि आत काहीतरी फार जोरात चाललेलं.

जवळून तो काळा नव्हताच.
पाठीवर राखाडी पिसं, प्रत्येकाला काळी किनार,
खवले असावेत तशी.
हनुवटीखाली चुन्याचं बोट.
डोळा तपकिरी. त्यात मी होते की नाही
बघायला वाकले, तेव्हा चावला.

सोडला तर उडाला नाही. बुडाला.
बऱ्याच वेळानं लांब कुठेतरी
नुसती मान वर आली.

मग एका बाभळीवर तो, पंख उघडून,
आणि खालच्या फांदीवर धुडकूचा ओला बनियन.
दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.

मी सत्तेचाळीस खोडले.
रकाने आखले तीन.
लहान एकतीस. मोठे तीन.
बाकीच्यांपुढे प्रश्नचिन्ह;
ते पाठमोरे होते.
चावलेला एकतिसात धरलाय की नाही
आता आठवत नाही.
बोट दुखतंय.